वाङ्मयीन अनुवादक म्हणून उभे राहायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन भाषा उत्तम येतात, वाचन भरपूर आहे, माहितीपत्रके, करारनामे आणि संकेतस्थळांवरचा मजकूर यांच्या भाषांतराची कामे काही वर्षे केलेली आहेत. आता कथा-कादंबऱ्यांकडे वळायचे आहे. त्यासाठी पदवी लागते का, प्रकाशकापर्यंत पोचायचे कसे, आणि नोकरी सोडून केवळ अनुवादावर निर्वाह होईल का?

पदवीचे उत्तर सर्वांत सोपे: लागत नाही. प्रकाशक अनुवादकाकडे प्रमाणपत्र मागत नाही, केलेली पाने मागतो. अभ्यासक्रमाचा किंवा कार्यशाळेचा उपयोग आहे, पण तो आपले लेखन वाक्यावाक्याने तपासून घेणारी माणसे तिथे भेटतात एवढ्यापुरता. जर्मन लेखक डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी १९८९ साली इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात स्थापन केलेले ब्रिटिश सेंटर फॉर लिटररी ट्रान्सलेशन काय किंवा १९७८ पासून चालत आलेली अमेरिकन लिटररी ट्रान्सलेटर्स असोसिएशन काय, अशा संस्थांच्या उन्हाळी कार्यशाळा आणि मार्गदर्शन योजना याच कारणासाठी लोकप्रिय आहेत. वयाची शंकाही बाजूला ठेवावी. ॲन गोल्डस्टाइन यांनी इटालियन शिकायला घेतली ती तिशी उलटल्यावर, कचेरीतल्या सहकाऱ्यांबरोबर. पुढे एलेना फेरांते यांच्या कादंबऱ्या त्यांनीच इंग्रजीत आणल्या.

प्रकाशकापर्यंत पोचण्याचा प्रश्न मात्र जरा उलट्या बाजूने पाहावा लागतो. व्यावसायिक भाषांतरात काम तुमच्याकडे चालून येते. मजकूर ठरलेला, मुदत ठरलेली, शब्दामागचा दर ठरलेला. साहित्यात निदान पहिली काही वर्षे तसे घडत नाही. ज्याच्या नावावर एकही पुस्तक नाही त्याला कोणी आपणहून कादंबरी देत नाही, आणि क्वचित कोणी दिलीच तर ती बहुधा अनुभवी अनुवादकांनी नाकारलेली, मुदत आणि मानधन दोन्ही तुटपुंजे असलेली असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की अनुवादकाची कारकीर्द त्याने स्वतः शोधून आणलेल्या पुस्तकांवर उभी राहते. संपादकाला मूळ भाषा येत नाही, ही त्याची रोजची अडचण असते. त्या भाषेत काय लिहिले जात आहे, त्यातले काय आपल्या यादीत शोभेल आणि ते कोण करू शकेल, हे त्याला विश्वासाने सांगणारा माणूस हवा असतो, आणि तो माणूस होणे हाच या धंद्यात शिरण्याचा रस्ता आहे.

याची अलीकडची दोन उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार २०१६ पासून दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला दिला जातो आणि त्याची ५०,००० पौंडांची रक्कम लेखक व अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. २०२५ मध्ये तो बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळाला. सुमारे तीन दशकांत लिहिलेल्या कथांमधून बारा कथा अनुवादक दीपा भास्ती यांनी निवडल्या; म्हणजे ते पुस्तक त्या रूपात कन्नडमध्ये अस्तित्वातच नव्हते. २०२२ साली हिंदी लेखिका गीतांजली श्री आणि त्यांच्या अनुवादक डेझी रॉकवेल यांना तोच पुरस्कार मिळाला, तेव्हा तर पुस्तक काढणारी संस्थाच एका अनुवादकाने उभी केलेली होती. टिल्टेड ॲक्सिस ही छोटी प्रकाशनसंस्था डेबोरा स्मिथ यांनी काढलेली, ज्या स्वतः कोरियन लेखिका हान कांग यांच्या अनुवादक. स्मिथ यांनी कोरियन भाषा निवडली तीच मुळी तिच्यातून इंग्रजीत अनुवाद करणारे फार थोडे आहेत हे पाहून.

पुस्तक निवडताना नवोदित माणूस हटकून एक चूक करतो: ज्या पुस्तकाची सगळीकडे चर्चा आहे तेच पुढे ठेवतो. अशा पुस्तकांचे हक्क फ्रँकफर्ट किंवा लंडनच्या पुस्तकमेळ्यात लेखकांच्या प्रतिनिधींमार्फत (एजंटांमार्फत) केव्हाच विकले गेलेले असतात. कित्येकदा मूळ पुस्तक छापून येण्याआधीच. तुमच्यासाठी जागा आहे ती इतरत्र: ज्यांची दोन-तीन चांगली पुस्तके झाली आहेत पण ज्यांच्याकडे परभाषेतल्या कोणाचे लक्ष गेलेले नाही असे लेखक, तीस-चाळीस वर्षांपूर्वीची विस्मरणात गेलेली पुस्तके, कथासंग्रह, आत्मचरित्रे. त्यातही पुस्तक आवडले एवढ्यावर थांबू नये. ते तीन-चार महिन्यांनी पुन्हा वाचावे, आणि दुसऱ्या वाचनात त्यातल्या एखाद्या पात्राची बोलण्याची ढब आपोआप आपल्या भाषेत ऐकू येऊ लागली तरच पुढे जावे. ज्या पुस्तकाचे सगळे मर्म कथानकात आहे ते कोणीही करू शकतो. ज्याचा आवाज तुम्हाला सापडला आहे ते तुम्हीच करावे.

पुस्तक ठरले की पहिले काम हक्कांचे, अनुवादाचे नव्हे. अनुवाद करण्याची परवानगी देण्याचा हक्क मूळ लेखकाचा आहे, असे कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचे आठवे कलम सांगते. या कराराने लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे संरक्षण दिले आहे. भारतात ते ६० वर्षे आहे, युरोपीय संघातल्या देशांत ७०. मूळ पुस्तकाचे हक्कांचे पान उघडून पाहावे, मूळ प्रकाशकाच्या हक्क विभागाला दोन ओळींचे पत्र लिहून ‘अमुक भाषेचे अनुवादहक्क मोकळे आहेत का’ एवढेच विचारावे. उत्तर येत नसेल तर लेखकाचा प्रतिनिधी, लेखक स्वतः, आणि तो हयात नसल्यास वारस. हक्क तुम्ही विकत घ्यायचे नसतात, ते प्रकाशक घेतो. तुम्हाला फक्त वाट मोकळी आहे याची खात्री हवी असते. ही खात्री न करता अख्खी कादंबरी अनुवादून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या श्रमांचे पुढे काहीही झाले नाही.

इथे एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मूळ भाषा येत नसल्यामुळे मधल्या भाषेतल्या अनुवादावरून अनुवाद करायचा असेल, तर त्या मधल्या अनुवादाचा स्वतंत्र कॉपीराइट असतो. दोस्तोयेव्हस्की १८८१ साली वारले, त्यांचे लेखन कधीच मुक्त झाले आहे; पण त्यांचा विसाव्या शतकाच्या शेवटी झालेला इंग्रजी अनुवाद मुक्त नाही, आणि त्यावरून काम करायचे तर त्या अनुवादकाचीही परवानगी लागते. शिवाय अनुवाद कोणत्या भाषेतून केला हे पुस्तकात स्पष्ट छापले पाहिजे. ते लपवणे ही वाचकाची फसवणूक आहे, असे मी मानतो.

वाट मोकळी असेल तर प्रकाशकाला पाठवायचा प्रस्ताव तयार करावा. त्यात एका पानाचे पत्र, दोन पानांचा सारांश आणि पंधरा-वीस पानांचा नमुना अनुवाद असावा. सारांशात शेवट सांगावा. ‘पुढे काय होते ते पुस्तकातच वाचा’ ही मलपृष्ठाची भाषा संपादकाच्या उपयोगाची नाही, त्याला कादंबरी शेवटापर्यंत तोल सांभाळते की नाही हे कळायला हवे. पत्रात लेखक कोण, हे पुस्तक आत्ताच का, ते याच प्रकाशकाच्या यादीत का बसते, आणि हक्क कोणाकडे आहेत हे चार मुद्दे पुरेत. नमुन्यासाठी सगळे जण पहिले प्रकरण पाठवतात. मी सुचवीन की सुरुवातीची काही पाने द्यावीत आणि उरलेली पाने पुस्तकातल्या सर्वांत अवघड जागेची द्यावीत: संवादांनी भरलेला, बोलीभाषेचा किंवा विनोदी भाग. विनोद उतरला आहे हे दिसले की संपादकाच्या बहुतेक शंका तिथेच मिटतात. दरम्यान त्याच लेखकाची एखादी कथा परवानगी घेऊन नियतकालिकात छापून आणता आली तर फारच चांगले. मानधन नाममात्र असले तरी प्रस्तावासोबत छापील पाने जोडता येतात. नकार पुष्कळ येतील, आणि त्यांतले बरेचसे तुमच्या कामाशी संबंध नसलेले असतील: यादी भरलेली आहे, मागच्या अनुवादित पुस्तकात तोटा झाला, संपादक बदलला. नकारासोबत एक ओळ जरी कारणाची आली तर त्या संपादकाला पुढचे पुस्तक दाखवायचे, हे डोक्यात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण दुसरे पुस्तक मिळणे हे पहिले कसे हातावेगळे केले यावर ठरते. अनुवाद सुरू करण्यापूर्वी मी एक वही घालतो. समजा, इंग्रजी कादंबरी मराठीत आणायची आहे. मूळात सगळे एकमेकांना एकाच सर्वनामाने हाक मारतात. मराठीत प्रत्येक जोडीसाठी निर्णय घ्यावा लागतो. म्हणून वहीत तक्ता आखायचा: कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘तुम्ही’, मोठा भाऊ धाकट्याला काय म्हणतो आणि धाकटा उलट काय म्हणतो, आणि कोणत्या प्रकरणात हे बदलते. दोन सहकाऱ्यांची मैत्री होते तो क्षण मूळ लेखकाने कुठेच नोंदवलेला नसतो, पण मराठी वाचकाला तो ‘तुम्ही’चे ‘तू’ झाल्यावर कळणार असतो. म्हणजे तो कोणत्या पानावर आणायचा हे अनुवादकालाच ठरवायचे आहे, आणि कच्चा खर्डा लिहिताना ओघात ठरवले तर दोनशे पानांनंतर गोंधळ होतो. त्याच वहीत नावांची लेखनपद्धती, वजनमापे, पुन्हापुन्हा येणारे वाक्प्रयोग, कोणती परकी नावे स्पष्टीकरणाशिवाय ठेवायची, हे सारे नोंदवायचे. पुस्तक संपल्यावर ही वही संपादकाला दिली की मुद्रितशोधकाचे निम्मे काम होते, आणि तुमच्याबद्दलचे मत त्या दिवसापासून बदलते.

लेखकाला प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. जसजसे अडेल तसतसे रोज एक पत्र पाठवू नये. पहिला खर्डा संपेपर्यंत प्रश्न साठवावेत; अर्ध्याहून अधिक प्रश्नांची उत्तरे पुढच्या पानांतच सापडतात. उरलेल्यांची एकच यादी करावी, प्रत्येक प्रश्नापुढे पान आणि ओळ, मला काय समजले, आणि माझ्यापुढचे दोन पर्याय कोणते, असे लिहावे. ‘या वाक्याचा अर्थ काय?’ असे विचारले तर लेखक वैतागतो किंवा निबंध लिहितो. ‘इथे आई रागावली आहे की थकली आहे? मराठीत दोहोंसाठी वाक्याची ठेवण वेगळी होईल’ असे विचारले तर एका शब्दात उत्तर येते. मूळातल्या चुकाही याच यादीत घालाव्यात. चौथ्या प्रकरणात आठ वर्षांची असलेली मुलगी दोन महिन्यांनंतरच्या प्रसंगात अकरा वर्षांची झालेली असते, असे छापील पुस्तकांत घडते, आणि ते पकडणारा पहिला वाचक अनुवादकच असतो. मनाने दुरुस्त करू नये, विचारून करावे.

कराराबद्दल संकोच बाळगणारे अनुवादक पुष्कळ आहेत, आणि त्याची किंमत ते पुढची कित्येक वर्षे मोजतात. पहिली गोष्ट अशी की अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाचा असतो. मूळ लेखकाचे हक्क अबाधित ठेवून अनुवादालाही मूळ कृतीसारखेच संरक्षण मिळावे, असे बर्न करार सांगतो, आणि युनेस्कोने १९७६ साली नैरोबीत स्वीकारलेल्या शिफारशीत अनुवादकांशी लेखी करार करावा, त्यांचे नाव ठळकपणे द्यावे, असे नमूद केलेले आहे. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असे कलम दिसले तर ते बदलून ठरावीक मुदतीचा परवाना मागावा. पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तर ठरावीक काळानंतर हक्क परत यावेत. ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचा उल्लेख वेगळा हवा. श्राव्य आवृत्तीचे उत्पन्न आता दुर्लक्ष करण्याजोगे राहिलेले नाही. मानधनाचे हप्ते सहीच्या वेळी आणि हस्तलिखित दिल्यावर मिळावेत. शेवटचा हप्ता ‘प्रकाशनानंतर’ असेल तर एक तारीख घालून घ्यावी, कारण प्रकाशन दोन वर्षे लांबू शकते आणि त्या लांबण्याशी तुमचा काहीही संबंध नसतो. अंतिम संपादन आणि प्रुफे दाखवल्याशिवाय पुस्तक छापायला जाणार नाही, हेही कलम असावे.

स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) टक्केवारी वाचताना ती कशावर आहे ते आधी वाचावे. पाच टक्के छापील किमतीवर आणि पाच टक्के निव्वळ वसुलीवर या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याला पन्नास टक्के सूट दिली जात असेल, तर दुसऱ्या प्रकारात तुमच्या हाती छापील किमतीच्या अडीच टक्केच पडतात. मुखपृष्ठावरच्या नावाचा आग्रह धरण्यात मिरवण्याचा भाग नाही. पुढचा संपादक तुम्हाला त्याच नावावरून शोधणार आहे. २०२१ मध्ये अनुवादक जेनिफर क्रॉफ्ट आणि लेखक मार्क हॅडन यांनी याच मागणीसाठी खुले पत्र काढले, तेव्हा त्यावर मोठमोठ्या लेखकांनी सह्या केल्या. लेखक बाजूने उभा असेल तर प्रकाशक सहसा नाही म्हणत नाही, म्हणून लेखकालाच ती विनंती करायला सांगावी.

यंत्रानुवादाबद्दल प्रश्नात काही विचारलेले नाही, पण तो विषय टळणार नाही. ‘यंत्राने केलेला खर्डा फक्त सुधारून द्या’ असा प्रस्ताव निम्म्या मानधनात येऊ लागला आहे. साहित्याच्या बाबतीत तो हिशेबातच बसत नाही. प्रत्येक वाक्य मूळाशी ताडून पाहावेच लागते, त्यामुळे वेळ फारसा वाचत नाही, आणि एकदा डोळ्यांसमोर आलेली सपाट वाक्यरचना कानातून जात नाही. स्वतःच्या कामातही सावध राहावे. अनेक करारांत आता ‘अनुवाद मी स्वतः केला आहे’ अशी हमी द्यावी लागते, आणि अप्रकाशित हस्तलिखित परवानगीशिवाय एखाद्या ऑनलाइन सेवेत टाकणे हा करारभंग ठरू शकतो. आपला अनुवाद यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचा की नाही, हेही करारात लिहून घ्यावे.

राहिला निर्वाहाचा प्रश्न. ८०,००० शब्दांची कादंबरी धरा. दिवसाला हजार शब्दांचा नीट खर्डा आणि आठवड्याचे पाच दिवस, या गतीने पहिला खर्डा सोळा आठवड्यांत होतो. मूळाशी ताडून केलेल्या दुसऱ्या खर्ड्याला दोन महिने, मूळ बाजूला ठेवून मोठ्याने वाचत केलेल्या तिसऱ्या हाताला एक महिना, संपादकाच्या शंका आणि प्रुफे यांना आणखी एक. म्हणजे पूर्णवेळ बसूनही एका पुस्तकाला आठ महिने लागतात. तुम्हाला देऊ केलेल्या मानधनाला आठने भागा आणि जो आकडा येईल त्यात महिना निघतो का पाहा. बहुतेक भाषांत, बहुतेक अनुवादकांचा निघत नाही. स्पॅनिशमधून इंग्रजीत अनुवाद करणारे ग्रेगरी रबासा यांचे नाव इथे मुद्दाम घेतो. अर्जेंटिनाचे लेखक हुलिओ कोर्तासार यांच्या कादंबरीच्या त्यांच्या अनुवादाला १९६७ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मग कोर्तासार यांनी गार्सिया मार्केस यांना सल्ला दिला की रबासा मोकळे होईपर्यंत थांबा, आणि मार्केस थांबले. ज्याच्यासाठी असे लेखक थांबत होते तो माणूस आयुष्यभर विद्यापीठात शिकवत होता. गोल्डस्टाइनही ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या संपादन विभागात होत्या.

तेव्हा नोकरी आत्ता सोडू नये. दोन पुस्तकांचे करार सह्या होऊन हातात असतील आणि वर्षभराचा खर्च बाजूला काढलेला असेल, तेव्हा तो विचार करावा. तोपर्यंत सकाळचे दोन तास पुरतात, फक्त करारातली मुदत त्या हिशेबाने, म्हणजे आठ महिन्यांची नव्हे तर दीड वर्षाची मागावी. पहिले पुस्तक छापायला गेले की लगेच दुसऱ्याच्या हक्कांची चौकशी सुरू करावी, कारण प्रस्तावापासून करारापर्यंत सहज वर्ष जाते. प्रकाशकांसाठी परभाषेतील पुस्तके वाचून अभिप्राय लिहिण्याचे काम मिळाले तर नाकारू नये. पैसे कमी असतात, पण कोणत्या पुस्तकाचे हक्क कोणाकडे फिरत आहेत हे सर्वांत आधी तिथेच कळते. अनुदाने आणि निवासवृत्त्या आहेत. जर्मनीतल्या श्ट्रालेन गावात १९७८ पासून अनुवादकांसाठी निवास आणि ग्रंथालय चालते, इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेचे अनुदान अनुवादाचा खर्च उचलते. पण इंग्लिश पेनसारख्या अनुदानासाठी अर्ज प्रकाशकाला करावा लागतो, तेव्हा त्याची माहिती तुम्हीच त्याला पुरवावी. आणि व्यावसायिक भाषांतरातली जी दोन-तीन गिऱ्हाइके वेळेवर पैसे देतात त्यांना धरून ठेवावे. कादंबरीचा हप्ता अडकतो त्या महिन्यांत घर त्यांच्यावरच चालते.